सुंद्राक्कानं मागून घेतलेले दोन पावसाळे

सुंद्राक्काची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिनं माझ्या चहावर माती लोटली. तशी चुलीवरच लोटली होती, पण त्यातली निम्मी पातेल्यात गेली.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते, आणि आपल्याला सगळं कळतं असं बाईला त्या वयात जेवढं वाटतं तेवढं पुन्हा कधी वाटत नाही. आता चौऱ्याहत्तरीत बसून त्या बाईकडं बघते तेव्हा मला हसू आवरत नाही. डोक्यावर नातवाची क्रिकेटची टोपी, पायांत कोरे पांढरे बूट, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि हातात टिकाव. टिकाव मारायचा कसा हे ठाऊक नव्हतं, पण फोटोसाठी धरायचा कसा ते पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं, की गगनबावड्याच्या अलीकडं एका वाडीचा डोंगर मार्चमध्ये वणव्यात जळला. त्याला गव्याचा टेक म्हणतात. कोल्हापुरातल्या आम्ही अकरा निवृत्त शिक्षिका. आमच्या भिशीत ती बातमी आली आणि आम्हाला एकदम निसर्गाचा कळवळा आला. जळल्या डोंगरावर झाडं लावायची! 'खड्डे मे महिन्यात, रोपं जूनमध्ये' हे मी तीस वर्षं पाचवीला शिकवत आले होते, तेव्हा पुढारपण माझ्याकडंच. डोंगर गावच्या मालकीचा. सरपंचांना फोन केला, ते म्हणाले, "या की, या." आमच्या गल्लीतल्या रशीदभाईंचा टेम्पो ठरवला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कुदळी-टिकाव घेऊन थडकलो.

सगळा उतार काळा. पायाखाली राख, आणि जागोजागी कोळसा झालेले बुडखे. खड्ड्याच्या जागी बुडखा आला की तो उपटायला लागायचा. "मेलेत ते, काढा!" असं मी फर्मान सोडलं. काही बुडखे भलतेच चिवट होते. मेलेलं झाड मातीला एवढं घट्ट का धरून बसेल, हा साधा प्रश्न विज्ञानाच्या बाईला पडायला हवा होता. नाही पडला. दुपारपर्यंत त्रेसष्ट खड्डे झाले. मग आम्हाला चहाची तलफ आली. तीन दगड मांडले, उपटलेले बुडखे खाली सारले आणि काडी ओढली. दोन महिन्यांपूर्वी जळलेल्या डोंगरावर, ऐन मे महिन्यात, भर वाऱ्यात! आजसुद्धा आठवलं की मी कानाला हात लावते.

वरून एक बाई पळत आली. पळत म्हणजे खरोखर पळत, अनवाणी. साठीची असेल, काटकुळी, काळीसावळी, लुगड्याचा काचा मारलेला, कमरेला कोयता. तिनं पायानं माती लोटून चूल बुजवली आणि मग दम घेतला.

"पावणं, डोंगूर एकदा जळलाय त्यो पुरला न्हाई व्हय?"

"अहो, आम्ही झाडं लावायला आलोय," मी म्हणाले. "जरा चहा..."

"च्या घरात पिवा की! मी करून घालतो. हितं काडी वडायची न्हाई."

एवढ्यात तिची नजर चुलीतल्या सरपणावर गेली. तिनं एक अर्धवट धुरकटलेला बुडखा उचलला, उजव्या अंगठ्याच्या नखानं त्याची काळी साल खरवडली आणि माझ्या नाकासमोर धरला. काळ्याच्या आत ओला, पोपटी हिरवा रंग होता.

"बगा. जितं हाय ह्ये. जित्याला उपटून च्या केलासा तुमी."

सालीखालचा तो हिरवा थर मी फळ्यावर रंगीत खडूनं शेकडो वेळा काढला होता. खऱ्या झाडात तो मी पहिल्यांदा पाहिला. टेम्पोला टेकून उभे असलेले रशीदभाई खालून ओरडले, "बाई, पेपर काढणारीच नापास की हो!"

सुंद्राक्कानं विचारलं, "खड्डं किती?"

"त्रेसष्ट," मी म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

"आन त्यातनं बुडखं किती काडलासा?"

ते कुणीच मोजलं नव्हतं.

"बुजवा," ती म्हणाली.

आणि अकरा मास्तरणींनी उन्हात सगळे खड्डे बुजवले. तोवर आमच्या चिटणीसबाईंनी फोटो पेपराला धाडलासुद्धा होता. दुसऱ्या दिवशी तो छापून आला तेव्हा त्यातला एकही खड्डा जागेवर नव्हता.

चहा मात्र तिनं शब्दाप्रमाणं करून घातला. आम्ही तिच्या पडवीत पाय पसरून बसलो. ती दारात उभी राहून प्यायली, डोंगराकडं तोंड करून. पुढं दोन वर्षं मी तिच्याकडं जात राहिले, पण ती बसलेली मला आठवत नाही. जेवायचीसुद्धा हातावर भाकरी घेऊन, परड्यात येरझाऱ्या घालत. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, नाक वर करून वास घ्यायची. धुराचा. शेजारणीनं चूल पेटवली तरी हिचे कान टवकारायचे. "कुनाचा ह्यो धूर?" हे तिचं पालुपद. वाडीतल्या बायका कंटाळून म्हणायच्या, "आक्का, भाकरी करालोय गं, डोंगूर न्हाई जाळत!"

तिला असं काय झालं होतं, ते मला तिनंच सांगितलं. आडवळण न घेता, घमेल्यातलं शेण सारवत.

"काडी मीच लावलीती, बाई."

त्या भागात रीतच आहे. होळीच्या आसपास माळावरचं वाळकं गवत पेटवायचं. जुनं जळालं की पावसाला नवं गवत कोवळं आणि दाट येतं अशी सगळ्यांची समजूत. तिच्या सासऱ्यानं पेटवलं, नवऱ्यानं पेटवलं, नवरा गेल्यावर दोन म्हशींसाठी ती पेटवायला लागली. दरवर्षी गवत जळायचं आणि पायवाटेपाशी विझायचं. त्या वर्षी दुपारी वारा फिरला. जाळ पायवाट ओलांडून रानात शिरला आणि गव्याचा टेक तीन दिवस जळत राहिला. वनखात्याचा गार्ड चौकशीला आला तेव्हा सगळी वाडी मुकी झाली. आपलं माणूस कोण दाखवून देणार? तर ही परड्यातून हात पुसत आली आणि म्हणाली, "कशाला हुडकतायसा? मी हाय की."

केस झाली. ती निस्तरली. पण खरी भानगड ग्रामसभेत निघाली. एका कंत्राटदारानं प्रस्ताव आणला होता: जेसीबी लावून सगळा उतार साफ करतो, पायऱ्या पाडतो आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा लावतो. पाच वर्षांत हिरवंगार. सरपंच बाजीराव, म्हणजे तिच्या दिराचाच पोरगा, अनुकूल होता. काळा डोंगर रोज बघून गाव कावलं होतं. तेव्हा सुंद्राक्का उभी राहिली आणि म्हणाली, दोन पावसाळे द्या. कुणी काही लावायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, लाकूड न्यायचं नाही. डोंगराचं डोंगूर येतंय का बघू.

"आन न्हाई आलं तर, आक्का?" बाजीरावनं विचारलं.

"तर मशिनीच्या म्होरं मी सोता नारळ फोडतो."

गावानं दोन पावसाळे दिले. त्यातला एकही सुरू व्हायच्या आत कोल्हापूरच्या मास्तरणी टिकाव घेऊन हजर झाल्या, आणि तेही त्याच बाजीरावच्या परवानगीनं! पुतण्याला तिनं त्या दिवशी काय काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

माझी तीस वर्षं पोरींचं 'मी जातो' खोडून 'मी जाते' करण्यात गेली होती. सुंद्राक्का 'मी जातो' म्हणायची आणि जायची. मी मागून धापा टाकत. तिच्यामागं डोंगर चढायचा म्हणजे शिक्षाच. दहा पावलं गेली की खाली वाकायची, बुडखा खरवडायची, पुढं सरकायची. वरून मेलेला आणि खालून जिता असा खुंट दिसला की कोयत्यानं मातीलगत तिरका छाटायची, पाणी साचून कुजू नये म्हणून. जळके ओंडके तिनं सरपणाला नेऊ दिले नाहीत. उताराला आडवे लावले, पावसात राखमाती वाहून जाऊ नये म्हणून. ते ओंडके कुणी ओढले? आमच्या मंडळानंच. पांढरे बूट काळे झाले आणि फोटो कुणी काढला नाही.

मेअखेरीस जांभळाच्या एका बुडख्यातून तांबूस कोंब फुटले. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. सुंद्राक्कानं मात्र वाकून शेजारचा बुडखा खरवडला. फुटलेल्याकडं तिचं लक्षच नसायचं, न फुटलेले तिला झोपू देत नसत. एका हिरड्याच्या खुंटावर तर तिचा एवढा जीव अडकला, की रोज जाऊन ती तो खरवडायची. शेवटी मीच म्हणाले, "अहो, सगळ्यांना 'हात लावू नका' म्हणता आणि तुम्हीच त्याची साल सोलून काढलीत की! जगायचा असेल तर तुमच्यापासूनच वाचवायला पाहिजे त्याला."

ती चपापली. नखाकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चिंधी बांधून आली.

पावसाळ्यात डोंगर हिरवा झाला, पण तो काही झाडांनी नव्हे. तेरडा माजला आणि त्याहून जास्त रानमोडी, ते परकं तण. वाडीत टिंगल सुरू झाली. "आक्काचा डोंगूर आला बरं का, रानमोडीचा!" मलाही वाटलं, हे सगळं साफ करून मध्ये मध्ये चार चांगली झाडं लावून टाकावीत. तिला तसं म्हणालेसुद्धा. माणूस एकदा नापास होऊन शहाणं होतं असं कुणी सांगितलंय?

"नुसतं काय बघत बसायचं हो?"

"बगत कोन बसतंय? राकतोय न्हवं!"

तेरड्याला तिनं हात लावला नाही. तो माती धरतो म्हणाली. रानमोडी तेवढी एकेक करून मुळासकट उपटायची. मीही मदतीला लागले आणि उत्साहात रानमोडी समजून कारवीची कोवळी पोरं उपटून मोकळी झाले. तिनं ती पाहिली, कपाळाला हात लावला आणि मला बांधावर बसवून ठेवलं. "तुमी हितं बसून शेरडं हाकला. त्येवडं जमंल."

श्रावणातली गोष्ट. धुकं एवढं, की दोन हातांवरचं दिसेना. आम्ही एका दगडाच्या आडोशाला उभ्या होतो. तिनं एकाएकी विचारलं, "बाई, तुमी पुस्तकं वाचलायसा. येतंय न्हवं ह्ये परत?"

"येणारच!" मी वर्गात म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले. खरं म्हणजे मला काडीचंही ठाऊक नव्हतं. तीस वर्षं असंच शिकवत आले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला ते कळलं, हे मलाही कळलं. ती पावसातच पुढं चालायला लागली.

पहिला पावसाळा गेला. उन्हाळा जवळ आला तशी तिची तगमग वाढली. शेजारच्या डोंगरावरचे लोक गवत पेटवणारच होते. गार्ड येऊन म्हणाला, "आक्का, जाळरेषा मारल्याशिवाय काय खरं न्हाई." म्हणजे डोंगराभोवती पट्टा आखायचा, त्याच्या दोन्ही कडांचं गवत कापून काढायचं आणि मधलं आपणच जपून जाळून टाकायचं. बाहेरून वणवा आला तर त्याला तिथं खायला काही उरत नाही. गवत तिनं कापलं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ. पण जाळायच्या दिवशी सकाळी, दहिवर वाळायच्या आत, बाजीराव आणि चार गडी ओले डहाळे घेऊन पट्ट्यावर उभे राहिले तेव्हा काडेपेटी हातात घेऊन ती नुसतीच उभी.

एक काडी मोडली. दुसरी मोडली.

"आक्का, द्या हिकडं," गार्ड म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या." तिनं काडेपेटी मिटली. मग ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी वडा. तुमचा हात सरावल्याला हाय, च्या करून."

सगळे हसले. मीही हसले आणि काडी ओढली. जाळ सळसळत पट्ट्यातून पुढं गेला आणि त्याच्या बरोबरीनं ती चालत राहिली, ओला डहाळा उगारून, एकेक ठिणगी बडवत, शिव्या देत. जाळाला कुणी इतक्या शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. सगळा पट्टा जळून काळा झाला, गडी भाकरी खायला गेले, गार्ड गेला. ती दुपार कलेपर्यंत राखेत हात घालून बघत होती, कुठं गरम लागतंय का.

पंधरा दिवसांनी शेजारचा डोंगर पेटला. भर दुपारी जाळ उतरत आला तो काळ्या पट्ट्यापर्यंत. तिथं घुटमळला, धुमसला आणि विझला. बाजीराव म्हणाला, "आक्का, वाचलं गं!" ती म्हणाली, "आज वाचलं."

दुसरा पावसाळा संपला आणि ऑक्टोबरात गाव डोंगर बघायला निघालं. सरपंच, पंच, तो कंत्राटदार इस्त्रीची पँट घालून, मागं वाडीतल्या बायका. मी अर्थातच. सुंद्राक्का आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. तिला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. वरच्या अंगाला, जिथं ऐनाचे मोठे ओंडके तीन दिवस धुमसले होते, तिथली माती भाजून विटेसारखी लाल झाली होती. दोन पावसाळ्यांत तिथं गवताची काडी नव्हती. गाव नेमकं तिथं जाऊन उभं राहिलं तर?

कंत्राटदारानं नेमकं तेच बोट दाखवलं. "ते वरचं लाल दिसतंय ना? चला, तिथंच जाऊन बघू."

चला म्हणाला खरा, पण जाता येईना. पायवाट करवंदीनं गिळली होती. जांभळं, अंजनी, कुंभे. एकेका बुडख्यातून पाच-पाच, सहा-सहा धुमारे, कमरेएवढे, काही डोक्याएवढे. कारवी दाटलेली. बाजीरावनं कोयता उपसला तशी सुंद्राक्का ओरडली, "छाटायचं न्हाई! वाकून जावा!" सरपंच वाकला. पंच वाकले. कंत्राटदाराची पँट करवंदीत अडकून फाटली. असं रांगत-कुंथत अर्ध्यावर पोचलो असू, तोच समोरची कारवी हलली आणि आतून 'फुस्स' असा जोराचा श्वास आला.

गव्याची मादी. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी, आणि तिच्यामागं तांबूस वासरू. वणव्यानंतर त्या टेकावर गवा कुणी पाहिला नव्हता.

सगळे आल्या पावली मागं, तेही न वाकता. माझे अठ्ठावन्नाचे, म्हणजे तोवर साठीचे गुडघे त्या दिवशी जे धावले ते नंतर कधी धावले नाहीत. खाली रस्त्याला लागल्यावर कंत्राटदार फाटकी पँट धरून म्हणाला, "मशीन चढवायला अडचण न्हाई तशी..."

"चढवा की," बाजीराव म्हणाला. "आदी तिला इच्यारून या, वर बाळंतीण हाय."

झाला ठराव, मशीन नको म्हणून. बायकांनी सुंद्राक्काला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. पण सुंद्राक्का होती कुठं? ती गव्याला बिचकून आमच्याबरोबर पळालीच नव्हती. बाजूनं वळसा घालून त्या लाल जागेवर गेली होती. तासाभरानं उतरली. मी म्हणाले, "अहो, जिंकलात! आता तरी घास खा."

"तितं न्हाई आलं काय," ती म्हणाली. "त्ये कुनी बगितलं न्हाई म्हनून व्हय आलं?"

त्यानंतर तिनं त्या लाल मातीचाच नाद घेतला. फुटलेल्या झाडांखालचा कुजका पाला पाटीनं वर न्यायची आणि तिथं पसरायची. वारा उडवायचा. ती पुन्हा न्यायची. माझे गुडघे संपले, जाणं कमी झालं. मग फोनवर. फोन ती कानाला लावून चालतच असायची. अर्धं बोलणं मला, अर्धं शेरडांना.

गेल्या वर्षी नातीच्या मागं लागून एकदा वाडीपर्यंत जाऊन आले. नातीला पुढं काम होतं, मला रस्त्यावर एसटीच्या थांब्याला सोडून गेली. परतीला गाडी होतीच. सुंद्राक्का घरात नव्हती. तिची सून म्हणाली, "पाटी घिऊन गेल्यात सकाळीच. हाका मारा, ऐकत्यात."

मी थांब्यावर परत येऊन हाक मारली. वरून, कुठून तरी, उत्तर आलं: "कोन त्ये? बाई व्हय? थांबा तितंच! वर येऊ नगा, वाटंत रोपं हायती!"

"मी कसली येतेय वर! तुम्ही या खाली."

"आलो, आलो! ह्येवडी पाटी टाकून आलो!"

आली नाही. मी डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. पानंच पानं, एकावर एक. एका जागी पानं हलायची, मग जरा वरच्या अंगाला, मग आणखी वर. मध्येच शेरडाला घातलेली शिवी ऐकू यायची.

एसटी आली. कंडक्टरनं हात दिला. "चला आज्जी, चढा."

"जरा थांब की रे. एक बाई आहेत वर, त्यांना बघते."

त्यानं वाकून डोंगराकडं पाहिलं, वरून खाली, खालून वर.

"कुटं? तितं तर कोनच दिसत न्हाई."

"तेच की!" मी म्हणाले.